ओसरीवरून : समुद्र आणि रातपाळी

मुकुटबनाच्या ओसरीवर बसून समुद्राविषयीं लिहावयाचें म्हणजे वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल, हें मी जाणतों. आमच्या झरी-जामणी तालुक्यापासून पश्चिमसमुद्र सरळ रेषेंत मोजला तरी सहाशें किलोमीटरांहून दूर आहे. आणि आमच्या अंगणांतील पागोळ्यांचें पाणी त्या समुद्रास कधींच मिळत नाहीं. तें पैनगंगा आणि वर्धा यांच्या ओघांतून प्राणहितेस, व प्राणहितेबरोबर गोदावरीस मिळून पूर्वसमुद्राकडे जातें. सागाचें रान, कपाशीचीं शेतें, दगडी कोळशाच्या खाणी आणि अलीकडे उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना, एवढें आमच्या गांवाचें वैभव. असें असतांही गेलें वर्षभर या घरांत भरती-ओहोटीची चौकशी जितकी झाली, तितकी पावसाचीही झाली नसेल. त्याचें कारण सांगण्यापूर्वीं एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

तो शब्द 'वेला'. अमरकोशाच्या नानार्थवर्गांत या एका शब्दाचे तीन अर्थ एकत्र दिले आहेत : समुद्रजलाचा विकार, म्हणजे भरती, काल, आणि मर्यादा. मराठींत त्याचा 'वेळ' झाला, तेव्हां तिहींपैकीं काल तेवढा आपण ठेवून घेतला आणि उरलेले दोन अर्थ संस्कृताच्या पदरीं टाकले. शाळेंत हा शब्द शिकवितांना मी मुलांस सांगत असें कीं, जी ठरल्या वेळीं येते आणि मर्यादा ओलांडीत नाहीं ती वेला. मुलें तें पाठ करीत आणि परीक्षेनंतर विसरून जात. तें योग्यच होय. परंतु साठी उलटल्यावर या तीन अर्थांचा तंटा माझ्याच घरांत उभा राहील, अशी कल्पना मला नव्हती.

आमचा धाकटा मुलगा आणि सूनबाई डोंबिवलीस राहतात. त्यांस सहा वर्षांची एक मुलगी आहे. सूनबाई हिशेबाच्या कामांत निष्णात असून मुंबईंत नरिमन पॉइंट येथील एका कचेरींत तिला नोकरी आहे. ती कचेरी परदेशांतील व्यापारी पेढ्यांचे हिशेब ठेवते. त्यांचा दिवस तो आपली रात्र. म्हणून सूनबाईची रातपाळी. रात्रीं नऊ वाजतां कामास आरंभ आणि पहाटे सहास समाप्ति. मध्यें दीड ते दोन अशी अर्ध्या तासाची सुटी असते. कचेरीची मोटार नेते आणि आणून सोडते. ही व्यवस्था आम्हां सर्वांस ठाऊक होती. वडीलधाऱ्यांनीं ती मनापासून मान्य केली होती असें नाहीं. पण मुंबईंतील घराचे हप्ते आणि मुलीच्या शाळेची फी यांच्यापुढें वडीलधाऱ्यांचें फारसें चालत नाहीं.

ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, त्या अर्ध्या तासांत सूनबाई कचेरींत बसत नाहीं. ती आणि तिची एक सहकारिणी अशा दोघी खालीं उतरतात, रस्ता ओलांडतात आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याकडेनें समुद्र पाहत चालतात. आमच्या नात्यांतील एक गृहस्थ लग्नसमारंभाहून परततांना रात्रीं पावणेदोन वाजतां त्या रस्त्यानें मोटारींतून गेले, आणि त्यांनीं तिला ओळखलें. दुसरे दिवशीं नऊ वाजण्यापूर्वीं ही वार्ता मुकुटबनास पोंचली. वार्ता देणारानें एक अक्षरही खोटें सांगितलें नव्हतें. 'तुमची धाकटी सून रात्रीं दोनच्या सुमारास चौपाटीच्या रस्त्यावर फिरत होती,' एवढेंच तो म्हणाला. खऱ्या वाक्यांनीं केवढा अनर्थ होऊं शकतो, हें एकत्र कुटुंबांत राहणारांस सांगावयास नको.

आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, ते पंचाहत्तरीचे आहेत. ते रागावले नाहींत. रागावले असते तर बरें झालें असतें. त्यांनीं जेवण अर्धें टाकून पाट सारला आणि शांतपणें तीन आक्षेप सांगितले. त्यांतील पहिला अब्रूचा, जो आम्ही सारे मनांत आधींच उच्चारून बसलों होतों. दुसरा प्रकृतीचा : रात्रभर डोळे फोडून काम करणारानें मिळालेल्या अर्ध्या तासांत पाठ टेकावी कीं समुद्रावरील वारा अंगावर घ्यावा? आणि तिसरा भयाचा. हा तिसरा मला सर्वांत वजनदार वाटला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दहशतवादी समुद्रमार्गानेंच मुंबईंत उतरले. नरिमन पॉइंट येथील हॉटेलांत त्यांनीं रक्तपात केला. आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, गिरगांव चौपाटीपाशीं, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं कसाबच्या बंदुकीची नळी हातांनीं घट्ट धरून गोळ्या आपल्या शरीरांत झेलल्या, तेव्हां तो जिवंत सांपडला. ओंबळे यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. 'ज्या रस्त्यानें असा मनुष्य आपण गमावला, तेथें आपल्या घरची मुलगी मध्यरात्रीं हवा खात फिरते,' असें दादा म्हणाले, आणि मग दिवसभर कांहीं बोलले नाहींत.

रात्रीं बाहेर पडण्याची भीति आम्हां मुकुटबनकरांस उपजतच आहे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. टिपेश्वरचें अभयारण्य आमच्या शेजारच्या तालुक्यांत आहे. पांढरकवडा-राळेगांव भागांत अवनी नांवानें प्रसिद्ध झालेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजीं मारली जाईपर्यंत तिकडील लोक दिवसाही एकट्यानें शेतावर जात नसत. आमच्याकडे दिवेलागण झाली कीं मनुष्य दाराच्या आंत आणि रान दाराच्या बाहेर, अशी वांटणी आहे. अशा गांवच्या माणसास रात्रीं दोन वाजतां चालावयास जाणें हें धैर्याचें नव्हे, तर बुद्धिभ्रंशाचें लक्षण वाटतें.

त्या सायंकाळीं दादांनीं सूनबाईस दूरध्वनी केला. मी शेजारीं होतों. ती म्हणाली, 'दादा, नोकरी सोड म्हणालांत तर आम्ही दोघें बसून विचार करूं. पण नोकरी करायची आणि त्या अर्ध्या तासांत दिव्याखालीं बसून राहायचें, हें माझ्यानें होणार नाहीं.' आवाजांत उद्धटपणा नव्हता, आणि रडूंही नव्हतें. दादांनीं दूरध्वनी माझ्या हातीं दिला व ते देवघरांत गेले.

आतां हा अर्धा तास आला कोठून, याचा थोडा इतिहास सांगतों. कारण घरांतील चर्चेंत तो कोणी उच्चारला नाहीं, आणि मला तो वारंवार आठवत होता. मुंबईच्या गिरण्यांत प्रारंभींच्या काळीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, आणि रविवारही मोकळा नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची एक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति या दोन मुख्य होत्या. केवळ अर्धा तास! तेवढा मागण्यासाठीं सहस्रावधि माणसांच्या सह्या व्हाव्या लागल्या. रविवारची सुटी १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं मान्य केली आणि अर्ध्या तासाची विश्रांति १८९१ च्या कायद्यांत आली. पुढें १९४८ च्या कारखाना-कायद्यानें पांच तासांहून अधिक सलग काम करून घेऊं नये, मध्यें निदान अर्धा तास द्यावा, असा नियम घातला. त्याच कायद्यानें स्त्रियांस सायंकाळीं सात ते सकाळीं सहा या वेळांत कारखान्यांत काम करण्यास मनाई केली होती. दुकानें व कचेऱ्या यांच्याकरितां महाराष्ट्रांत २०१७ सालीं जो नवा कायदा झाला, त्यानें स्त्रीची स्वतःची संमति असेल आणि संरक्षणाची व घरीं पोंचविण्याची व्यवस्था असेल तर रात्रींच्या कामास वाट मोकळी करून दिली. पांच तासांमागें अर्धा तास हा नियम त्यांतही होता. म्हणजे सूनबाईची रातपाळी अवघ्या कांहीं वर्षांची आहे. पण तिचा अर्धा तास लोखंड्यांच्या काळापासून चालत आला आहे. तो कोठें घालवावा, हें मात्र कोणत्याच कायद्यानें सांगितलेलें नाहीं. तें सांगण्याचें काम कुटुंबांनीं आपण होऊन आपल्याकडे घेतलें आहे.

चार दिवस घरांत जड गेले. पांचव्या दिवशीं दादाच मला म्हणाले, 'तूं जाऊन ये. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें पुरे झालें.' त्यांच्या न्यायबुद्धीचा मला या वयांतही हेवा वाटतो.

निघण्यापूर्वीं मीं पंचांग काढलें. कोंकणांतील आणि मुंबईच्या किनाऱ्यावरील लोकांस भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब परंपरेनें ठाऊक आहे, तो घाटावरील वाचकांच्या उपयोगीं पडो वा न पडो, देऊन ठेवतों. शुद्ध अथवा वद्य पक्षांतील तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजतां सुमारें पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. दिवसा जी वेळ तीच रात्रींची, मात्र पंचवीस-एक मिनिटें पुढें सरकलेली. आणि भरतीपासून सहा तासांहून किंचित् अधिक गेले म्हणजे पूर्ण ओहोटी. यांतील मर्म असें : तिथि म्हणजे सूर्यापासून चंद्राचें बारा अंशांचें अंतर. तीनशें साठ अंशांस चोवीस तास, तर बारा अंशांस अठ्ठेचाळीस मिनिटें. तितका उशीर भरती प्रत्येक तिथीस करीत जाते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटें. तोंडीं हिशेबाच्या सोयीसाठीं आपल्या लोकांनीं तीन मिनिटें सोडून दिलीं. पंधरा तिथींत हीं सोडलेलीं मिनिटें पाऊण तासाएवढीं सांचतात, आणि म्हणून पौर्णिमेस हिशेबानें सव्वाअकरा आले तरी समुद्र बारांच्या सुमारासच भरतो. ज्यांस तराफ्यावर किंवा होडीवर जावयाचें असेल त्यांनीं अर्थातच छापील कोष्टक पाहावें. पण गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांस हा हिशेब घालून पाहावा. मीं घातला असता तर बरें झालें असतें, इतकी गोडी त्यांत आहे.

आतां सूनबाईची सुटी दीड वाजतां. दीड म्हणजे दोनची पाऊणपट. म्हणजे प्रत्येक पक्षांतील द्वितीयेस तिच्या सुटीच्या वेळीं समुद्र पूर्ण भरलेला असणार! त्यांतही पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीं उधाण सर्वांत मोठें असतें. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर ओसरतो, तिला किनाऱ्यावरचे लोक भांगाची भरती म्हणतात. उलट दशमीस पूर्ण भरती साडेसातास, म्हणून दीडच्या सुमारास पाणी उतरलेलें. मीं मार्गशीर्ष वद्य द्वितीया निवडली. वणीस गाडींत बसतांना माझ्या पिशवींत गुळपापडीचा डबा, सूनबाईकरितां लोकरीचा गळपट्टा आणि पंचांग होतें. गळपट्टा आमच्या सौभाग्यवतींनीं कोणासही न विचारतां आंत टाकला होता.

मुंबईंत पोंचल्यावर त्या रात्रीं मुलासह उशिराच्या लोकलनें निघून बारानंतर समुद्रापाशीं गेलों. मरीन ड्राइव्ह मीं पूर्वीं दोनदां पाहिला होता, तो दिवसा आणि गर्दींत. रात्रींचा तो दुसराच रस्ता आहे. मुळांत ही सारी जागा समुद्राची. बॅकबेचा भराव घालून ती मनुष्यानें हिरावून घेतली. आणि त्या भरावाच्या कामांतील उधळपट्टी १९२० नंतरच्या दशकांत ज्यांनीं निर्भीडपणें चव्हाट्यावर मांडली, त्या खुर्शेद नरिमन यांचेंच नांव भरावाच्या टोकास देण्यांत आलें, ही इतिहासाची एक गंमत आहे. रस्त्याच्या एका बाजूस १९३० ते १९५० च्या दरम्यान बांधलेल्या गोलसर सज्जांच्या इमारतींची रांग. २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्यांची गणना झाली. दुसऱ्या बाजूस रुंद कट्टा, आणि कट्ट्याखालीं लाटांचा जोर मोडण्यासाठीं टाकलेले चार पायांचे काँक्रिटचे अवजड ठोकळे.

रस्ता निर्जन असेल अशी माझी समजूत होती. तसा तो नव्हता, आणि गजबजलेलाही नव्हता. दर पन्नास पावलांवर कोणी ना कोणी बसलेलें होतें, आणि बहुतेक सारीं माणसें समुद्राकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून. एक हॉटेलांतील आचारी असावा. पायांतले बूट काढून बाजूस ठेवून तो नुसता बसला होता. दोन सुरक्षारक्षक एका डब्यांतून जेवत होते. सायकलीवर किटली बांधून चहा विकणारा एक मुलगा आवाज न करतां पुढून गेला. दिवसा जो ओरडल्यावांचून चहा विकूं शकत नाहीं, तो रात्रीं मुका होतो. पोलिसांची गाडी सावकाश येऊन पुढें गेली, आणि थोड्या वेळानें पुन्हां आली. दादांच्या तिसऱ्या आक्षेपाचें उत्तर मीं त्या गाडींत शोधीत होतों, हें लपवीत नाहीं. पूर्ण उत्तर तेथें नव्हतें. कोणत्याही गाडींत तें नसतें. पण अंधारांत एकट्या सांपडलेल्या स्त्रीचें जें चित्र आम्ही मुकुटबनास रंगविलें होतें, तें या रस्त्याचें नव्हतें, इतकें निश्चित.

दीड वाजून पांच मिनिटांनीं त्या दोघी रस्ता ओलांडून आल्या. सूनबाई वाकून नमस्कार करूं लागली, तिला मीं अर्ध्यावर थांबविलें. ती हळूच म्हणाली, 'बाबा, आमचा एक नियम आहे. येथें बोलायचें नाहीं. जातांनाही नाहीं आणि येतांनाही नाहीं. चालेल ना?' पस्तीस वर्षें वर्गांत 'बोलूं नका' म्हणणाऱ्या मास्तरास ही आज्ञा अशी उलटून मिळाली. मीं मान हालविली.

बारा मिनिटें चौपाटीच्या दिशेनें आणि बारा मिनिटें परत, एवढेंच त्यांचें चालणें. भरती अगदीं पूर्ण होती. पाणी ठोकळ्यांच्या पोकळींत शिरतांना एक जड, घुमणारा आवाज होई, आणि माघारें जातांना बारीक सळसळ. चंद्र माथ्यावर होता, त्यामुळें पाण्यावर त्याचा पट्टा पडला नव्हता. सारा समुद्रच एकसारखा करडा दिसत होता. त्या दोघी एकमेकींकडे पाहतही नव्हत्या. सूनबाईची सहकारिणी मध्येंच थांबून कट्ट्यावर हात टेकी व पुन्हां चालूं लागे. सूनबाई एकदांही थांबली नाहीं. तिचें चालणें मीं घरीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे : स्वयंपाकघरांतून माजघरांत, माजघरांतून न्हाणीघरांत, प्रत्येक वेळीं हातांत कांहीं ना कांहीं. रिकाम्या हातांनीं चालतांना मीं तिला प्रथमच पाहिलें. हात कोठें ठेवावे हें तिला अजून नीट उमगलें नसावें. ती ते मागें बांधून चालत होती, अगदीं दादांसारखी.

दोनला दोन मिनिटें असतांना त्या इमारतींत शिरल्या. मी आणि मुलगा पहिल्या गाडीपर्यंत स्थानकावर बसून राहिलों.

सूनबाईचा दिवस कसा जातो, हें दुसऱ्या दिवशीं मीं घड्याळ लावून पाहिलें. सातला ती घरीं. मुलीची वेणी, डबा, शाळेची गाडी. मग पोळ्या. दहास निजणें; साडेबारास दारावर कोणी माणूस; पुन्हां निजणें; तीनला मुलगी परत. मुलगा घरकामांत मदत करतो, नाहीं असें नाहीं. पण तो कामावर गेल्यावर घर तिचेंच. आमच्या मुकुटबनाहून तिला दिवसाकाठीं तीन-चार दूरध्वनी येतात, आणि प्रत्येकास वाटतें कीं आपण एकदांच केला. दुपारीं चहा पितांना ती आपण होऊन बोलली. 'बाबा, दिवसभर मला कोणीतरी हांक मारतें. घरीं आई म्हणून, कचेरींत नांवानें, फोनवर सूनबाई म्हणून. सगळ्या हांका मायेच्याच आहेत. पण तिथें मला कोणी हांक मारीत नाहीं.' थोडें थांबून म्हणाली, 'विश्रांतीच्या खोलींत आडवी झालें तर झोंप लागत नाहीं. शेजारीं दहाजणी मोबाइल पाहत असतात. चालून आलें म्हणजे पहाटेपर्यंत आंकडे चुकत नाहींत.' त्या शेवटच्या वाक्यानें दादांच्या दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर झालें, असें मीं मनांत नोंदवून ठेवलें.

मुकुटबनास परतल्यावर मीं सारें जसेंच्या तसें सांगितलें. रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर बैठक बसली. दादा, वहिनी, आमच्या सौभाग्यवती, थोरला पुतण्या आणि त्याची बायको. पुतण्यानें सिमेंटच्या कारखान्यांतील मुलांचा दाखला दिला; माझ्या हाताखालून गेलेलीं कित्येक मुलें तेथें तिन्ही पाळ्यांत काम करतात, आणि रात्रींच्या सुटींत फाटकाबाहेर येऊन उघड्यावर बसतात. त्यांस कोणी कांहीं म्हणत नाहीं. 'तीं मुलें आहेत,' दादा म्हणाले. यावर कोणी बोललें नाहीं. कारण सर्वांचाच विचार तेथें येऊन अडला होता.

तेव्हां वहिनी बोलल्या. वहिनी बैठकींत सहसा बोलत नाहींत. त्या म्हणाल्या, 'उन्हाळ्यांत वाळवणें घालायचीं तेव्हां गच्चीवर कावळे हांकायला मी बसत असें. घरांत मुलांचा गोतावळा होता, कोणालाही काठी घेऊन बसवितां आलें असतें. भर उन्हांत मीच कां जात असें, हें तुम्हीं कधीं विचारलें नाहींत.' दादांनीं त्यांच्याकडे पाहिलें. त्यांच्या संसारास एक्कावन्न वर्षें झालीं आहेत. वहिनी पुढें म्हणाल्या, 'पापड जळले तरी चालतील, पण वरती कोणी येऊं नये, असें वाटायचें.' इतकें बोलून त्या उठल्या आणि दूध झांकावयास आंत गेल्या.

माझी आई आठवली. सतरा माणसांच्या घरांत ती पहाटे विहिरीवर जाई. पाणी भरावयास माणूस ठेवलेला होता, तरी देवाचें पाणी आपणच आणलें पाहिजे असा तिचा हट्ट असे. त्या हट्टांत देवभक्ति किती आणि दुसरें कांहीं किती, हें आतां कोणास सांगतां यावयाचें नाहीं. आमच्या बायकांनीं एकांत मिळविला तो सदैव कामाच्या नांवाखालीं. सूनबाईनें काम बाजूस ठेवून तो उघडपणें घेतला, एवढाच तिचा अपराध. आणि दादांसारख्या सज्जनासही तो समजण्यास वेळ लागला, यांत मला नवल वाटत नाहीं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं, १८८३ सालीं, आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून अमेरिकेस वैद्यकी शिकावयास निघाल्या, तेव्हां त्यांस किती बोल सोसावे लागले! आज आपणच त्यांचीं चरित्रें मुलींच्या हातीं देतों. समुद्र ओलांडणें मान्य झालें. त्याच्या कडेनें अर्धा तास चालणें अजून व्हावयाचें आहे.

दादांनीं निर्णय दिला तो असा. 'मला पसंत नाहीं, आणि पसंत आहे असें मी म्हणणारही नाहीं. पण मी अडवीत नाहीं.' नंतर त्यांनीं दोन अटी सांगितल्या : एकटीनें जाऊं नये, आणि कचेरींत परत शिरल्यावर एक ओळ पाठवावी. पावसाळ्यांत साडेचार मीटरांहून उंच भरतीचे दिवस महानगरपालिका आधीं जाहीर करते. त्या दिवसांत जाऊं नये, ही तिसरी अट मीं घातली. सूनबाईनें तिन्ही मान्य केल्या, परंतु ओळ पाठविण्याबद्दल तिनें एक दुरुस्ती सुचविली : 'ओळ पाठवीन, पण त्यावर उत्तर पाठवूं नका.' दादांनीं ती मान्य केली.

तेव्हांपासून दर महिन्यास मी एका कार्डावर दोन्ही पक्षांतील द्वितीया आणि दशमी यांच्या तारखा लिहून डोंबिवलीस धाडतों. शुद्ध द्वितीयेस चंद्र केव्हांच मावळलेला, म्हणून भरती काळोखांत. वद्य द्वितीयेस तो माथ्यावर. शुद्ध दशमीस चंद्र पश्चिमेस उतरत समुद्रावर आलेला असतो आणि पाणी ओसरलेलें. ती रात्र तिला सर्वांत आवडते असें ती लिहिते. दादा कार्ड टपालांत पडण्यापूर्वीं हिशेब तपासून पाहतात. परवां मीं आषाढांतील एक तारीख चुकीच्या दिवशीं धरल्याचा त्यांस संशय आला, आणि तिथीच्या क्षयावरून आमचा तासभर वाद झाला. रात्रीं दोन वाजून पांच मिनिटांनीं त्यांच्या उशाशीं असलेला मोबाइल एकदां बारीक वाजतो. ते जागेच असतात. वाचतात, पालथा ठेवतात आणि कुशीवर वळतात.

नात आतां दुसरींत जाईल आणि तिच्या शाळेची वेळ बदलेल. म्हणून सूनबाईनें दिवसपाळीसाठीं अर्ज केला आहे. दिवसाच्या कामाची सुटीही दीड वाजतांच असते, आणि त्या वेळीं त्या कट्ट्यावर ऊन असतें व माणसांची रीघ असते. कचेरीकडून उत्तर अद्याप आलेलें नाहीं. श्रावणाचें कार्ड मीं लिहून ठेवलें आहे.